उलट्या वाकाचं पातं

"हातोडा उजव्या हातात घे, हर्षे. डाव्या हातानं देवाला नैवेद्यसुद्धा दाखवत नाहीत!" पुंजाबाबांचं हे बोलणं हर्षालीने लहानपणी भट्टीशी रोज ऐकलं होतं. ती निमूट हात बदलायची, आणि बाबांची पाठ वळली की पुन्हा डावाच.

सिन्नरच्या त्या भट्टीवर एक रीत होती. शिकायला आलेल्याने तापलं लोखंड धरायची सांडशी आधी स्वतःची करायची. तिचं एक पातं बाबा घडवून देत, दुसरं त्याने हुबेहूब तसंच घडवून जोडायचं. गावातल्या कितीजणांना बाबांनी असं पातं दिलं. हर्षालीला मात्र नाही. "द्या ना बाबा, जोडीचं मी नक्की करीन," असं ती म्हणे, आणि बाबा हसून तिला भाता ओढायला बसवत.

बाबा गेले त्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ती अंबडच्या कंपनीतून रजा काढून आली. पूजेसाठी हत्यारं पुसताना फडक्यात गुंडाळलेलं एकच पातं हाती लागलं. बाबांच्या सांडशीला लावून पाहिलं, तर वाक अगदी उलटा.

"शेवटी शेवटी बाबांचा हात चुकला गं, आई."

"चुकला नाय," घटापुढची वात सारखी करत आई म्हणाली. "तीनदा मोडून पुन्हा केलंय त्यांनी. म्हणले, माझी पोर डावरी हाय, तिला असंच लागंल."

हर्षालीने ओढणी कमरेला बांधली, तेवढ्याच जाडीची सळई शोधली आणि भट्टी पेटवली.