राक्षस कोणत्या खात्याचा?

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात नाना लेकाकडे अमेरिकेत ॲन आर्बरला आले, आणि त्याच आठवड्यात चारुदत्त त्यांना युनिव्हर्सिटीत एक जपानी पिक्चर दाखवायला घेऊन गेला. समुद्रातून डोंगराएवढा राक्षस येतो, टोकियो तुडवत सुटतो आणि इकडे मंत्र्यांची मीटिंग काही संपत नाही. राक्षस समुद्रातून आला म्हणून मत्स्यखात्याचा, की रस्त्यानं चालतोय म्हणून वाहतूक खात्याचा? फाइल या टेबलावरून त्या टेबलावर. सगळं थिएटर पोट धरून हसत होतं. नाना मात्र चष्मा सारखा करत एकेक सबटायटल वाचत होते. सरकारात धरणांच्या कामावर त्यांची तीस वर्षं गेली होती.

“नाना, जोक होता तो,” बाहेर पडताना चारुदत्त म्हणाला.

“त्यात जोक कसला? हद्द ठरल्याशिवाय ऑर्डर कोण काढणार?” नानांनी मफलर गुंडाळला. “आमच्या एका धरणात पाणी चढायला लागलं, तेव्हा बुडितातलं एक गाव उठवायचं राहिलं होतं. ते आम्ही उठवायचं की कलेक्टरनं, यावर फाइल अकरा दिवस फिरली.”

“मग? शेवटी गाव कुणाकडे गेलं?” चारुदत्त अजून हसतच होता.

लांबून येणाऱ्या बसकडे बघत नाना म्हणाले, “मत्स्यखात्याकडे.”