हातानं लिहिलेली हरकत

"वाडीचं इंटरनेट बंद करायला तीनशे बारा हरकती, पण हस्ताक्षर एकच. म्हणजे माणूसही एकच," आयोगाचा अधिकारी पडद्याकडे बघत म्हणाला.

"यंत्रं खोट्या हरकती लिहितात, हातानं लिहा, हे तुम्हीच ठरवलंत ना?" हौसाबाई कडाडल्या. "वाडीत हातानं लिहिता येतं एकट्या गोदाक्काला. तिनं सगळ्यांचे अर्ज लिहिले, आम्ही अंगठे दिले."

"नियमात अंगठे मोजत नाहीत, हस्ताक्षर मोजतात. एका माणसासाठी वाडीचं इंटरनेट ठेवता येत नाही, आजी. शुक्रवारी बंद होईल."

हौसाबाईंनी सुनेला पुढे ओढलं. तिच्या छातीतलं यंत्र शहरातला डॉक्टर इंटरनेटवरून चालवत होता.

"म्हणजे शुक्रवारी ही मरणार. हिला माणसात धरलं नाही, एवढं लिहून द्या. तुमच्या हातानं."

अधिकाऱ्यानं पेन उचललं. कागदाला टेकवून तो तसाच बसला. त्यालाही लिहिता येत नव्हतं.