बाबाची डाळ

नवऱ्याची नोकरी सुटली आणि स्वयंपाकघर त्याच्याकडे आलं, तेव्हापासून चार वर्षांची लेक आईची रविवारची डाळ तोंडाला लावेना. “बाबाची छान असते,” म्हणायची. आईला हेवा वाटायचा, तोही सख्ख्या नवऱ्याचा! तिने कुकरच्या शिट्ट्या वाढवल्या, लसूण ठेचून पाहिला, जिरं बदललं. वाटी भरलेलीच राहायची. आज लेक उठायच्या आत तिने डाळ करून ठेवली आणि नवऱ्याला दटावलं, “मी केलीये म्हणून सांगायचं नाही. तूच वाढ.” जेवताना लेकीने भुरका मारला, बोटं चाटली, वाटी पुढे केली. “बाबा, अजून!” आईचा घास हातातच राहिला. लेक खेळायला पळताच नवरा हसून म्हणाला, “बघ, उगाच जीव जाळत होतीस. तुझ्या डाळीत काहीच कमी नाही.” ती ताटं उचलू लागली. डाळीत काही कमी असतं, तर तिने केव्हाच घातलं असतं.