सक्तीची पाच वर्षं

काळा झगा विनिपेगच्या कोर्टात खुंटीवर राहिला. प्रचाराची पाटी बर्फात रुतली. कॅनडाच्या राजधानीला, ओटावाला जाणाऱ्या विमानात खिडकीजवळची जागा मिळाली.

न्यायाधीश असताना त्याने एका कोवळ्या पोराला पहिल्याच गुन्ह्यासाठी पाच वर्षं तुरुंगात धाडलं होतं. पटत नव्हतं, पण कायद्यात त्याहून कमी शिक्षा नव्हतीच. कायदा फक्त संसद बदलू शकते असं धरून त्याने खुर्ची सोडली आणि तो खासदार झाला.

आज त्याचाच पक्ष तो कायदा पुन्हा आणत होता.

"मी विरोधात मत देणार," तो पक्षाच्या प्रतोदाला म्हणाला.

"द्या की. आपलं बहुमत एका मताचं आहे. सरकार पडेल, मग विरोधक येऊन पाचाची दहा वर्षं करतील." प्रतोद हसला. "जजसाहेब, आता निकाल आम्ही लिहितो. तुम्ही नाव पुकारलं की उठायचं."

मतदानाच्या वेळी सभागृहात वर प्रेक्षकांच्या सज्जात त्या पोराची आई बसली होती. त्यानेच बोलावलं होतं.

नाव पुकारलं गेलं. तो उठला. विधेयकाच्या बाजूने एक मत वाढलं. ती बाई कोटाची बटणं लावू लागली.

विनिपेगच्या कोर्टात त्याच्या जागी आलेल्या न्यायाधीशबाईंनी दोन वर्षांपूर्वी तो कायदा घटनाबाह्य ठरवून रद्द केला होता.