दुसरी हाक

ईस्टरची पहाट. चांदूर रेल्वेच्या लहानशा चर्चचं दार आतून बंद होतं. आत सगळे पुरुष, बाहेर पायरीवर सगळ्या बाया. इथली रीतच तशी. प्रभूला क्रुसावर दिल्यावर त्याचे शिष्य भिऊन दारं लावून बसले होते, म्हणून आजच्या दिवशी पुरुषांनी कडी लावून बसायचं. त्यात त्यांना फारसा अभिनय करावा लागत नाही. प्रभू उठल्याची बातमी कबरीवर गेलेल्या बायांनी आणली तेव्हा शिष्यांना ती खरी वाटली नव्हती, म्हणून बायांनी मागच्या कब्रस्तानात फुलं वाहायची आणि येऊन दार वाजवायचं. एकीनं म्हणायचं, "प्रभू उठला आहे." आतून एकानं म्हणायचं, "बायांचं बोलनं, कोन मनावर घेते?" मग आतले हसतात, बाहेरच्याही हसतात. तिनं तेच दुसऱ्यांदा म्हटलं की कडी निघते.

दरवर्षी हे वच्छलाबाई म्हणायच्या. यंदा त्यांच्या मुलीला, आचलला, पुढं केलं होतं.

आचल बायबल कॉलेजातून शिकून आली, तेव्हापासून चर्चला पाळक नव्हता, पाद्रीची सगळी कामं तिच्याकडेच. आजाऱ्याच्या उशाशी आचल, पोरांना शास्त्र शिकवायला आचल, कोणाचं माणूस गेलं तर प्रार्थनेला आचल. ईस्टरचा उपदेश मात्र चर्चच्या पंचांनी अनुप नावाच्या एका पोराला दिला. तो मोबाइलवरून वाचणार होता.

तिचे वडील उत्तमराव त्या पंचांचे सेक्रेटरी. काल जेवताना ताटाकडे बघत ते म्हणाले, "पोरीनं पुलपिटवर उभं राहून उपदेश कराचा नाही, असं ठरलं. तू दारावरचं म्हन आन् बायांत जाऊन बस."

"आन् नाही म्हटलं त?"

"त माह्यं नाक कापलं जाईन."

बापाचं घर आणि बापाचंच चर्च. एकातून निघालं तरी पाऊल दुसऱ्यातच पडणार. आचलला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि तो काढायला जागा नव्हती. पहाटे ती मुकाट्यानं मोगऱ्याची टोपली घेऊन आली.

फुलं वाहून झाली. तिनं दार वाजवलं.

"प्रभू उठला आहे."

"बायांचं बोलनं," आतून अनुप ओरडला, "कोन मनावर घेते?"

आत हशा उसळला. त्यात उत्तमरावांचं हसू वेगळं ओळखू आलं. बाहेर बायांनी सवयीनं तोंडाला पदर लावले.

आता दुसऱ्यांदा म्हणायचं. आचलनं दारावरचा हात काढून घेतला.

"म्हन न व," वच्छलाबाई कुजबुजल्या.

"निघत नाही तोंडातून, आई. ते नाटकातलं नाही हसून राह्यले. खरंच हसून राह्यले."

"मी जनमभर म्हटलं. मले काही झालं का?"

आचलनं आईकडे नुसतं पाहिलं. आपण काय बोलून बसलो ते वच्छलाबाईंना कळलं असावं. त्यांनी मान खाली घातली.

आतला हशा विरला. कोणीतरी खाकरलं. कोणी बाक सरकवला. मग दाराच्या फटीशी उत्तमरावांचा दबका आवाज आला.

"वच्छला, तिचं राहू दे. तूच म्हनून टाक. दरसालची सवय हाये तुले. लोकं खोळंबले न."

वच्छलाबाई पुढं झाल्या. बायांनी वाट दिली. लेकीच्या हातातली रिकामी टोपली त्यांनी खाली ठेवली आणि तळहात दारावर टेकवला. वाजवलं मात्र नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "म्हनायले काही हरकत नाही. पन् या खेपीले मनावर घेता का, ते आधी सांगा."

आत या वेळी कोणी हसलं नाही.

वच्छलाबाई लेकीला घेऊन पायरीवर बसल्या. मग एकेक करून बाकीच्याही बसल्या. कब्रस्तानावर ऊन आलं. आत पुरुष कडीपाशी गोळा झाले होते, त्यांच्या सावल्या दाराखालून दिसत होत्या. पण दुसरी हाक आल्याशिवाय कडीला हात लावायची रीत नव्हती.