तळमजल्यावरची प्रयोगशाळा

नोएडातल्या जुन्या संशोधन संस्थेचं मेडिकल कॉलेज होणार होतं. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेची भिंत पाडायला मजुरांनी घण उचलला, तेवढ्यात बळवंत मुजुमदार आत घुसले. रसायनशास्त्रज्ञ म्हणून एकतीस वर्षं त्यांनी याच खोलीत काढली होती. खाली पडलेली पहार उचलून त्यांनी समोरच्या मजुराच्या हातावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा घाव घालायच्या आत गार्डांनी त्यांना खाली पाडलं आणि एकानं छातीवर गुडघा रोवला.

"छोडो उन्हें! पिताजी हैं मेरे!" ओरडत संपदा धावत आली. नव्या कॉलेजची डीन तीच होती. भिंत पाडायच्या आदेशावर सहीही तिचीच होती.

गार्डांनी सोडताच बळवंत धडपडत उठले आणि त्यांनी तिच्या थोबाडीत मारली. तिचा ओठ फुटला.

"तुझ्या आईनं आणि मी इथं जन्म घालवला. निदान तिची तरी लाज बाळगायचीस!"

संपदानं आधी मजुराचा हात आपल्या ओढणीनं बांधला, त्याला स्वतःच्या गाडीतून हॉस्पिटलला धाडलं. मग ती वडिलांकडे वळली.

"बाबा, आई इथंच हृदय बंद पडून गेली ना? त्या दिवशी या इमारतीत चाळीस डॉक्टर होते. सगळे तुमच्यासारखे, पीएचडीवाले. तिची छाती दाबायची असते, हे एकालाही माहीत नव्हतं. तुम्ही फाईलनं तिला वारा घालत बसला होतात."