घाण कुणाची?

तपासणीसाठी नासर्डी नदीचं पाणी बाटलीत भरताना पालिकेच्या मंजुषा मॅडमनी नाक मुरडलं. "शी! ही सगळी त्या काठावरच्या वस्तीची घाण. जनाची नाही, निदान मनाची तरी!" असं म्हणत त्यांनी वस्तीतल्या प्रत्येक संडासात तपासणीचा लाल रंग ओतला आणि नदीत पडणाऱ्या पाइपांवर शिपाई फकिराला पहाऱ्याला बसवलं. दुपार टळली तरी कुठूनही लाल थेंब येईना. वैतागून त्या जवळच्याच टॉवरमधल्या आपल्या नव्या फ्लॅटवर जेवायला गेल्या, उरलेला रंग तिथल्या संडासात ओतून टाकला आणि साबण लावून दोनदा हात धुतले.

पहिला घास घेतात तोच फकिराचा फोन.

"मॅडम, आलं बघा लाल पाणी! पण वस्तीतून नाय, त्या टॉवरच्या पाइपातून. काय घाणेरडी माणसं राहतात हो तिथं!"